ताईला आणायला घेतलेली गाडी

शोरूममधून फोन आला की चारुदत्त उभा राहायचा. बसल्या जागी तो फोन घेणं त्याला गाडीचा अपमान वाटे. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारायची, "सर, गाडीचा अनुभव कसा आहे? दहापैकी किती गुण द्याल?" आणि चारुदत्त छाती पुढे काढून सांगायचा, "दहा! दहापैकी दहा!" मग स्वयंपाकघरातून त्याची बायको मालिनी ओरडायची, "खरं सांगा की हो तिला! काल गाडी कुठे अडकली होती तेही सांगा!" की हा लगेच फोनवर तळवा दाबून धरणार आणि डोळे वटारणार.

आता खोटं कशाला बोला, गाडी दिसायला राजबिंडी होती. निळीशार, बसकी, दोन दारांची, परदेशी. सुरू केली की पोटातून असा आवाज काढायची की समोरच्या घरातली माणसं चहा टाकून खिडकीत यायची. उभा जन्म चारुदत्तने आंब्याच्या रसाचा वास येणारी पिकअप चालवली होती. साठी उलटल्यावर कॅनिंगचा कारखाना मुलाच्या हवाली केला आणि हौस म्हणून ही घेतली. घेईना का! कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण मी म्हणतो, माणसाने आपण राहतो कुठे एवढं तरी बघावं? हा राहतो मांडवीत. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता, आणि त्या रस्त्यावर दर चार घरांमागे एकेकाने आपापल्या मर्जीने घातलेला गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकापाशी चारुदत्त गाडी थांबवणार, तिरकी करणार, एकेक चाक हळूच वर चढवणार आणि तरी खालून खर्रर्र असा आवाज आला की त्याच्याच पाठीला खरचटल्यासारखा कळवळणार. मागे रिक्षावाले भोंगे वाजवून बेजार. गाडीला गिअर आठ, त्यातले पाच अजून कोरे होते.

आणि तो नारळांचा प्रकार! घराभोवती आगर, त्यात पिढ्यान् पिढ्यांचे माड. एखादा नारळ टपावर पडला म्हणजे? या धास्तीने चारुदत्तने माडावर चढणारे पाडेली बोलावून सगळे माड उतरवून घेतले, कोवळी शहाळी धरून. झालं काय, तर गणपतीच्या दिवसांत मोदकांना नारळ नाही. आगरात राहून मालिनीने बाजारातून नारळ विकत आणले आणि पिशवी मुद्दाम गाडीच्या नाकासमोरून मिरवत घरात नेली. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खराब होतो म्हणून रोज गोड्या पाण्याने गाडीची अंघोळ, वर मऊ फडकं, वर चादर. "मला ताप आला होता तेव्हा पांघरूण शोधत बसला होतात," मालिनी म्हणायची. "हिची चादर बरी सापडते!"

बरं, लोक कौतुक तरी धड करतील? ते विचारायचे, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा प्रश्न, "माणसं किती बसतात?" मागे दोन सीटा आहेत म्हणे. त्यावर आंब्याची पेटीसुद्धा सरळ बसत नाही. मग लोक मान हलवायचे, "असो, छान आहे," आणि चारुदत्त आतल्या आत जळायचा. म्हणून त्याने एक उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी काही बोललं की म्हणायचा, "अहो, माझ्यासाठी कुठे? ताईला आणायला घेतली ही गाडी."

ही ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, यमुनाताई. दिलेली हेदवीला. आई लवकर गेली, तेव्हा चारूला न्हाऊ-माखू घालून, मांडीवर थोपटून तिनेच वाढवलेला. या बाईचा एक हट्ट होता. माहेरी जायचं तर भावाने स्वतः न्यायला यावं. पूर्वी वडील जायचे, वडिलांमागे चारुदत्त जायचा. पुढे कारखान्याचा व्याप वाढला, तेव्हा त्याने एकदा भाड्याची गाडी पाठवली, ड्रायव्हरसकट. ताईने ती तशीच परत लावून दिली. रिकामी पाठवायची नाही म्हणून डिकीत चार नारळ घातले आणि ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला, "भाड्याच्या गाडीतून जायला मी काय पार्सल आहे?" त्यानंतर वर्षं सरली. पुढच्या महिन्यात येतो, पाऊस ओसरला की येतो, आंबा संपला की येतो. अशात गेल्या साली ताई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चारू, एकदा मांडवीला ने रे मला. आपल्या पडवीत बसून चार दिवस समुद्र ऐकायचाय. मग काय व्हायचं ते होवो." तेव्हा चारुदत्तचे डोळे भरून आले होते, ते काही ढोंग नव्हतं.

शोरूममध्ये मालिनीने विचारलंही होतं, "वन्संना बसता येईल का हो यात?" तर हा म्हणाला, "सीट मेमरीवाली आहे. कोण बसलं ते लक्षात ठेवते." मालिनी म्हणाली, "अहो, आधी बसता यायला हवं, मग लक्षात ठेवेल ना ती!" पण तोवर याची सही होऊन गेली होती.

या दिवाळीत मात्र त्याने मनावर घेतलं. भाऊबीजेला जायचं, ओवाळून घ्यायचं आणि ताईला घेऊनच यायचं. आठवडाभर आधी फोन केला. ताई फोनवर लहान मुलीसारख्या हसल्या. "तू स्वतः येणार? नक्की? मग मी कपडे भरून ठेवते हो!" मालिनीने सुचवलं की मुलाची मोठी गाडी न्या, उंच आहे, वन्संना बरी पडेल. चारुदत्त उसळला. "गाडी ताईसाठी घेतली आणि ताईला दुसऱ्या गाडीतून आणू? लोक काय म्हणतील?"

बीजेला उजाडता उजाडता दोघं निघाली. याच्या अंगात नवा रेशमी झब्बा. खरं तर भातगावच्या पुलावरून सरळ गेले असते तर न्याहारीला हेदवी. पण याला जायचं होतं जयगडवरून, फेरीबोटीतून, कारण निळी गाडी बोटीवर, मागे निळी खाडी, असा फोटो त्याच्या मनात कधीचा तयार होता. वर सड्यावरचा सपाट रस्ता मोकळा मिळाला, चौथा गिअर पडला, आणि स्वारी खुशीत शीळ घालू लागली. मालिनीलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, दिवस चांगला जाणार.

जयगडच्या धक्क्यावर पोचले आणि चारुदत्तची शीळ थांबली. पाणी पार तळाला गेलेलं. बोट खाली, धक्क्याचा उतार शेवाळाने काळानिळा, आणि बोटीची लोखंडी फळी त्या उतारावर भलत्याच कोनात टेकलेली. अमावास्या नुकतीच सरलेली, उधाणाचे दिवस, त्यात बीजेची सकाळ म्हणजे ठार ओहोटी. मांडवीतलं शेंबडं पोरसुद्धा तिथीवरून भरती-ओहोटी सांगतं. चारुदत्तने चारही टायरची हवा फोनवर पाहिली होती, इंजिनाचं तेल पाहिलं होतं, फोटोसाठी ऊन कुठून येईल तेही पाहिलं होतं. तिथी तोंडात होती, अहो भाऊबीजेलाच निघाला होता ना, पण पाणी पाहायचं सुचलं नाही!

"थांबू या," मालिनी म्हणाली. "दुपारी भरती आली की जाऊ. तोवर चहा पिऊ."

"हॅः! समोर जीप गेली की."

"ती जीप आहे हो."

पण ऐकतो कोण? गाडी उतारावर घातली. पुढची चाकं फळीवर चढली, आणि घर्रर्र करत पोट नेमकं सांध्यावर बसलं. पुढे जाईना, मागे येईना. मागची चाकं शेवाळावर नुसती गरगरली आणि मासळीच्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या अंगावर चिखल उडाला. त्यांनी जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चार बाप्ये मदतीला धावले, तर हा काच खाली करून किंचाळला, "हात नका लावू! पॉलिश आहे!"

झालं. हात नका लावू म्हटल्यावर कोण लावतो? चौघांनीही हात वर केले आणि गंमत बघत उभे राहिले. बोट खोळंबली. बोटीतल्या गाड्या खोळंबल्या. पलीकडे बीजेला निघालेले भाऊ, पेढ्यांचे पुडे सांभाळत, याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. शेवटी मालिनीच खाली उतरली आणि हात जोडून म्हणाली, "दादांनो, लावा हात. पाय लावलात तरी चालेल. पण काढा ही बया!" तेव्हा कुठे दहा-बारा जणांनी उचलून गाडी मागे घेतली. निळ्या रंगावर शेवाळाचे आणि मासळीचे पंजे उमटले. चारुदत्त एकेक पंजा मोजल्यासारखा बघत होता.

तरीही, भरतीपर्यंत थांबला असता तर निभावलं असतं. पण ज्यांनी गाडी उचलली त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचा? ते त्याला जमेना. तो उलटा फिरला, पुलाच्या वळशाने निघाला. फोनवर ताईला म्हणाला, "जरा उशीर होईल गो, गर्दी आहे." ताई म्हणाल्या, "सावकाश ये. मी काही खात नाही तोवर, ओवाळल्यावरच जेवेन." म्हातारी उपाशी बसलीय हे ऐकून मालिनीच्या जिवाला घोर लागला. "खाऊन घ्या म्हणावं!" ती फोनमध्ये ओरडली, पण ताईंनी फोन ठेवला होता.

पुढचा रस्ता कसा होता ते विचारू नका. एका खड्ड्यात चाक असं आदळलं की मालिनीचं डोकं छताला लागलं, आणि काचेवर पिवळा दिवा पेटला. टायर बसला होता. चारुदत्तने डिकी उघडली, गालिचा उचलला, खाली पाहिलं. स्टेपनी नाही! वजन कमी राहावं, गाडी चपळ राहावी म्हणून कंपनी देतच नाही. त्याऐवजी एक डबा, त्यात फेस. सणाचा दिवस, दुकानं बंद. रेशमी झब्ब्यातला हा गृहस्थ लाल धुळीत उकिडवा बसून त्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होता, चष्मा घरी राहिलेला. मालिनीने वाचून दाखवलं. फेस भरला, निम्मा झब्ब्यावर उडाला. आणि त्या डब्यावर असंही लिहिलेलं की आता गाडी अगदी हळू चालवा. चारुदत्त स्टीअरिंगवर मूठ आपटून म्हणाला, "अजून हळू? म्हणजे उतरून ढकलू का?" सायकलवरून एक म्हातारा मागून आला आणि पुढे निघून गेला.

हेदवीला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ताईंचं घर रस्त्यापासून खाली, लाल मातीच्या घसरड्या उतारावर. तिथे ही गाडी उतरणं शक्यच नव्हतं. वरच रस्त्याच्या कडेला लावून दोघं चालत खाली गेली. यमुनाताई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, समोर ताम्हण, आणि चेहरा उपासाने पांढरा पडलेला. चारूला पाहिलं आणि त्यांनी काही एक विचारलं नाही. "आलास रे मेल्या!" एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले. ओवाळताना मालिनीने निरांजन धरायला हात लावला. जेवणं झाली. चारुदत्त दोनदा भात मागून जेवला, सगळा शीण उतरला. म्हणाला, "ताई, चल आता. माहेरची गाडी उभी आहे."

ताईंच्या मुलाने, ओमकारने, आपली पिकअप अंगणात आणली. तो रोज आईला तीतूनच दवाखान्यात नेई. पायाखाली स्टूल ठेवला, ताई आरामात चढून बसल्या आणि वर रस्त्यावर आल्या. आजूबाजूची चार माणसं निरोपाला जमली. ताईंची कापडी पिशवी, चांगली गच्च भरलेली, मालिनीने हातात घेतली, ती मागे अंग चोरून बसणार होती. चारुदत्तने दार पूर्ण उघडलं.

ताईंनी खाली पाहिलं. सीट पार जमिनीलगत.

"अगोबाई," त्या म्हणाल्या. "यात बसायचं?"

"पाठ करून बस. मी धरतो."

त्यांनी पाठ केली. एक हात चारूच्या खांद्यावर, एक ओमकारच्या. वाकल्या. निम्म्यावर गेल्या आणि कळ आली, तोंडातून "आई गं" निघालं. डॉक्टरांनी खोल बसायचं नाही म्हणून बजावलेलं, ते ओमकारने सांगितलं. पण ताईच म्हणाल्या, "थांब रे, बघू दे मला. तो एवढा आलाय." दुसऱ्यांदा वाकल्या. पदर दारात अडकला, पाय सरकला, ओमकारने कमरेला धरून उभं केलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. मालिनीने हातातली पिशवी रिकाम्या सीटवर टेकवली आणि पदराने तो पुसला. जमलेल्यांतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, चारुदत्तला कुणावर तरी ओरडता आलं असतं. त्याने गाडीच्या दाराकडे असं पाहिलं, जणू त्यानेच मुद्दाम केलं होतं.

"आई, मी सोडतो ना पिकअपने," ओमकार म्हणाला.

"तू सोडायचं असतं तर कधीच गेले नसते का?" ताई म्हणाल्या. "भाऊ न्यायला आलाय माझा."

यावर उपाय समोर उभा होता. मालिनीला तो तेवढ्यात दिसला. "अहो, मग तुम्ही चालवा ना पिकअप! जन्मभर तेच केलंत. वन्सं तुमच्या शेजारी बसतील, मी मागे गादी टाकून बसते. ही गाडी राहू दे इथे चार दिवस."

ताईंचा चेहरा उजळला. "हो रे चारू! तशी तर तशी!"

ओमकारने चावी पुढे केली. चारुदत्तने हात पुढे नेला. आणि मग त्याची नजर निळ्या गाडीवर गेली. उघडा रस्ता, वर फणसाचं झाड, त्यावर कावळे, येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या, चादर घरी राहिलेली. हात तिथेच थांबला.

"ओमकार," तो म्हणाला, "इथे रात्री कोण असतं का? म्हणजे, कुणी हात-बीत लावणार नाही ना? निदान ताडपत्री तरी..."

ताई त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. लहानपणी तो खोटं बोलला की बघायच्या तशा.

"चारू," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी घेतली असतीस, तर मला बसता आलं असतं रे."

"ताई, तसं नाही गो... मी आपलं सहज विचारलं. दे रे चावी."

"राहू दे." त्यांनी ओमकारच्या दंडाला धरलं. "मला घरी ने. पाय दुखतो." स्टूल आला, त्या चढल्या. वर बसल्यावर पदर सारखा केला आणि खिडकीतून म्हणाल्या, "अंधार पडायच्या आत पोच हो. गाडी जप."

"वन्सं, थांबा," मालिनी म्हणाली आणि नवऱ्याकडे ढुंकूनही न बघता पिकअपमध्ये जाऊन त्यांच्याशेजारी दाटीने बसली. "मी राहते चार दिवस तुमच्याकडे. समुद्र काय, इथेही आहे." पिकअप वळली आणि उतारावरून खाली गेली. माणसंही एकेक करून पांगली.

ताईसाठी उघडलेलं दार चारुदत्तने न बघताच लोटून दिलं. मग गाडीत बसला, दुसरं करणार काय? इंजिन सुरू केलं, आणि लगेच टिंग टिंग सुरू झालं. त्याने आपला पट्टा लावला. तरी टिंग टिंग. त्याने दार उघडून परत आपटलं, बटणं दाबली, शिव्या दिल्या. टिंग टिंग टिंग. समोर लाल चित्र लुकलुकत होतं, शेजारच्या माणसाने पट्टा लावलेला नाही. तेव्हा त्याने वळून पाहिलं. शेजारच्या सीटवर ताईंची पिशवी होती. वरती एक नीट घडी केलेलं पातळ आणि त्याच्यावर औषधांचा डबा.

खाली जाऊन ती द्यायला हवी होती. उतार दहा पावलांवर होता. पण खाली जायचं म्हणजे ताईपुढे पुन्हा उभं राहायचं, तिने पुन्हा तसं बघायचं, आणि आपण बोलायचं काय? एका हाकेवर ओमकार वर आला असता. चारुदत्तने काच खाली केली, उताराकडे पाहिलं आणि परत वर केली. आणि इतका वेळ ती गाडी कानाशी कोकलत होती, थांबायचं नाव नाही.

शेवटी त्याने हात लांब केला, पलीकडचा पट्टा ओढला आणि पिशवीवरून घेऊन खटकन लावला. गाडी गप्प झाली. आणि त्या फेस भरलेल्या टायरवर, अगदी हळू, यमुनाताईंची पिशवी तेवढी माहेरी निघाली.